मुळांभोवतीचे एक वर्ष

बागेत वर्षानुवर्षे रुजलेले सदाहरित झुडूप एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी जगवणे हे बागकामातील मोठ्या जोखमीचे काम मानले जाते, आणि या जोखमीचे मूळ झुडपाच्या आकारापेक्षा त्याच्या सदाहरित स्वभावात अधिक आहे. पानझडी झाड वर्षातील काही महिने पाने टाकून विसावते. त्या काळात त्याची पाण्याची गरज इतकी घटते की मुळे तुटल्याचा आघात ते बऱ्याच अंशी सोसून जाते. सदाहरित झाडाची पानेही गळतात, पण ती एकदम न गळता थोडीथोडी गळतात, त्यामुळे त्याच्या फांद्या कधीच उघड्या पडत नाहीत आणि पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर टाकण्याची क्रिया, म्हणजे बाष्पोच्छ्वास, बारा महिने कमीअधिक प्रमाणात चालूच राहते. झुडूप खणून काढताना खोडाजवळची जाड मुळे हाती लागतात. मात्र पाणी शोषण्याचे खरे काम करणारी तंतुमुळे खोडापासून दूर पसरलेली असल्यामुळे त्यांतील बहुतेक जुन्या जागीच तुटून राहतात. वरचा खर्च तसाच आणि खालची आवक जवळपास बंद, अशा अवस्थेत ते झुडूप नव्या खड्ड्यात उभे राहते.

हा जमाखर्च कसा जुळवायचा, हा प्रश्न माणसापुढे किमान साडेतीन हजार वर्षांपासून आहे. त्याच्या उत्तरांचा इतिहास सहसा गाडे, चाके आणि चरख्या यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, कारण चित्रांत आणि वर्णनांत तीच ठळक दिसतात. वस्तुतः यशापयशाचा निर्णय बहुतेक वेळा गाडा दारात येण्यापूर्वीच झालेला असे. मुळांची तयारी किती आधी सुरू केली आणि हवा कोणती निवडली, यावर तो अवलंबून होता.

या कलेचे सर्वांत प्राचीन चित्र इजिप्तमध्ये आहे. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात राणी हत्शेप्सुत हिने पुंत नावाच्या दूरच्या प्रदेशाकडे जहाजे पाठवली आणि तेथून सुगंधी डिंक देणारी जिवंत झाडे आणवली. देर अल बहारी येथील तिच्या मंदिराच्या भिंतींवर ही मोहीम कोरलेली असून, झाडे टोपल्यांत ठेवून, त्या टोपल्या काठीला अडकवून माणसे खांद्यावरून वाहून नेत असल्याचे तेथे स्पष्ट दिसते. मुळे धुऊन मोकळी न करता त्यांच्याभोवतीच्या मातीसकट झाड उचलावे, हा या विद्येचा पहिला नियम त्या टोपल्यांतून दिसतो. मराठी रोपवाटिकांत मुळांना धरून असलेल्या अशा मातीच्या गोळ्याला हुंडी म्हणतात, आणि ‘हुंडी फुटू देऊ नका’ ही तेथील रोजची ताकीद आहे.

प्राचीन रोमन कवी व्हर्जिल याने शेतीविषयक काव्यात रोप हलवण्यापूर्वी त्याच्या सालीवर दिशांची खूण करण्याची पद्धत नोंदवली आहे. जी बाजू दक्षिणेच्या उन्हाला सरावलेली, ती नव्या जागीही दक्षिणेलाच यावी, हा तिचा हेतू होता. भारतात सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाला स्वतंत्र अध्याय दिला आणि त्यात झाड एका जागेहून दुसरीकडे नेण्याला ‘संक्रामण’ अशी संज्ञा वापरली. तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप मुळापासून खोडापर्यंत देऊन मग झाड हलवावे, असे तो सांगतो. या द्रव्यांपैकी प्रत्येकाचा गुण आज सिद्ध करता येईलच असे नाही, पण मुळापासून खोडापर्यंत चढवलेला ओला, चिकट थर उघड्या पडलेल्या मुळांना वाऱ्यात सुकू देत नाही, एवढे उघड आहे. अधिक लक्षणीय आहे ते त्याचे ऋतुविधान. फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगले खोड धरलेली झाडे वर्षाऋतूच्या आरंभी लावावीत, असा भेद तो करतो. झाड जितके मोठे तितकी दमट हवेची गरज अधिक, हे तत्त्व त्यामागे दिसते, आणि पुढे तेराशे वर्षांनी एका अगदी वेगळ्या हवामानात ते पुन्हा नव्याने मांडले गेले.

मधल्या काळात सत्ताधाऱ्यांनी हा प्रश्न दोन प्रकारे हाताळला. पहिला प्रकार पेटीचा. सतराव्या शतकातील युरोपीय राजवाड्यांत संत्र्याचे झाड हे वैभवाचे लक्षण होते, कारण ते सदाहरित असूनही थंडीत टिकत नाही आणि हिवाळ्यात त्याला छपराखाली घ्यावे लागते. यासाठी संत्र्याची झाडे जमिनीत न लावता लाकडी पेट्यांत वाढवली जात, आणि पेटीच्या बाजू उघडता येत असल्यामुळे जुनी माती काढून नवी घालणे किंवा मुळे छाटणे शक्य होई. १६६१ मध्ये चौदाव्या लुईने आपला अर्थमंत्री निकोला फुके याला अटक केल्यानंतर व्हो ल व्हिकोंत येथील त्याच्या वाड्यातील संत्र्याची झाडे व्हर्सायला नेण्यात आली. एखाद्या माणसाची बाग उचलून नेणे हा त्याच्या पतनाचा दृश्य पुरावा होता, आणि तो इतक्या सहजतेने देता आला तो पेट्यांमुळे. ज्या झुडपाची मुळे प्रथमपासूनच एका मर्यादेत राहिली आहेत, त्याच्या बाबतीत स्थलांतराचा मुख्य आघात घडतच नाही.

दुसरा प्रकार बळाचा. मार्ली येथील राजाच्या बागेसाठी दूरच्या अरण्यांतून वाढलेली झाडे आणली जात, त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक मरत आणि त्यांच्या जागी तत्काळ दुसरी लावली जात, असे सेंट सिमों याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. तो राजाचा टीकाकार असल्याने त्याच्या अंदाजात अतिशयोक्ती असू शकते. तथापि, मेलेल्या झाडाच्या जागी दुसरे आणण्याची ऐपत असेल तर ते का मेले याचा शोध घेण्याची निकड उरत नाही, हे त्यावरून कळते.

तो शोध दरबाराबाहेर लागला. टेडिंग्टन या गावचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने झाडांच्या कुंड्यांची तोंडे झाकून, त्यांना मोजून पाणी घालून आणि रोज वजन करून पानांवाटे किती पाणी जाते याचा हिशेब मांडला, आणि १७२७ मध्ये ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या ग्रंथात तो प्रसिद्ध केला. सुमारे साडेतीन फूट उंचीच्या एका सूर्यफुलाने उन्हाळ्यात दिवसाच्या बारा तासांत सरासरी २० औंस पाणी बाहेर टाकल्याचे त्याला आढळले. सदाहरित झाडे तुलनेने कमी पाणी टाकतात, असेही त्याच्या मोजणीत दिसले. ‘कमी’ म्हणजे ‘काहीच नाही’ असे मात्र नव्हे, आणि माळ्यांच्या दृष्टीने अडचण नेमकी येथेच होती: सदाहरित झुडपाचा खर्च संथ असल्याने ते मेल्याचेही उशिरा कळते. चिवट, मेणचट पाने आठवडेच्या आठवडे हिरवी राहतात आणि झुडूप लागले असे वाटत असतानाच ते आतून वाळत आलेले असते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील प्रसिद्ध उद्यानरचनाकार लॅन्सलॉट ब्राउन, जो ‘केपेबिलिटी’ या टोपणनावाने ओळखला जाई, त्याने झाडे नेण्यासाठी दोन चाकांचा गाडा वापरला. एका आसावर उभा लांब दांडा बसवलेला असे. तो झाडाच्या खोडाला बांधायचा आणि मग तरफेसारखा खाली ओढायचा, की झाड मुळांसकट आडवे होऊन गाड्यावर येई. १८२८ मध्ये स्कॉटलंडमधील ॲलन्टनचा जमीनदार सर हेन्री स्टुअर्ट याने ‘द प्लँटर्स गाइड’ हा ग्रंथ लिहून अशा गाड्यामागचे शास्त्र मांडण्याचा प्रयत्न केला, आणि वॉल्टर स्कॉटने त्याची विस्ताराने दखल घेतल्यामुळे त्याला मोठा वाचकवर्ग मिळाला. मुळे आणि फांद्या दोन्ही छाटून झाड हलके करण्याची तत्कालीन रीत त्याने नाकारली. पाने ही झाडाचे अन्न तयार करणारी इंद्रिये असल्याने ती तोडून झाडाला मदत होत नाही, आणि मुळे होता होईतो अखंड राखावीत, असा त्याचा आग्रह होता. वाऱ्यावर उघड्यावर वाढलेली, जाड सालीची आणि भरपूर मुळांची झाडेच हलवण्यासाठी निवडावीत, हेही त्याने सांगितले. त्याचे बहुतेक प्रयोग मात्र पानझडी झाडांवरचे होते.

सदाहरित झुडपांचा प्रश्न स्वतंत्रपणे हाती घेतला तो एडिंबरोच्या विल्यम मॅकनॅबने. क्यू येथील उद्यानातून १८१० मध्ये तो एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाचा मुख्य माळी म्हणून आला, आणि दहा वर्षांनी लीथ वॉक येथील संपूर्ण उद्यानच इन्व्हरलीथ येथील नव्या जागी हलवण्याची कामगिरी त्याच्यावर आली. एखादे झुडूप मेले तर दुसरे आणता येईल, अशी सोय येथे नव्हती; कित्येक नमुने शास्त्रीय संग्रहातील असल्यामुळे प्रत्येक वनस्पती जगणे आवश्यक होते. या अनुभवातून १८३० मध्ये त्याने स्कॉटलंडच्या हवामानातील काटक सदाहरित झाडांची लागवड आणि निगा यांवर एक छोटी पुस्तिका लिहिली.

त्या काळी माळ्यांमध्ये वाद होता तो महिन्याचा: सदाहरित झाडे शरदात लावावीत, वसंतात लावावीत की भर उन्हाळ्यात. मॅकनॅबने वादाचा विषयच बदलला. पंचांगातील महिना गौण असून त्या दिवसाची हवा महत्त्वाची आहे, असे त्याचे म्हणणे होते. आकाश ढगाळलेले, हवा दमट, वारा पडलेला आणि पुढचे काही दिवसही तसेच राहतील असा रंग दिसत असेल, तर वर्षातील जवळपास कोणताही काळ चालेल. कोरडे ऊन आणि वारा असेल तर उत्तम मानलेला महिनाही घात करील. त्यातही सर्वांत मोठा धोका म्हणजे जमिनीबाहेर काढलेली मुळे सुकणे. खड्ड्यात माती लोटताना सोबत भरपूर पाणी ओतून तिचा चिखल करावा, म्हणजे तो मुळांच्या फटींत जाऊन बसतो आणि पोकळ्या राहत नाहीत, ही त्याची रीत पुढे अनेकांनी उचलली.

मॅकनॅबच्या काळात एडिंबरोच्या त्याच उद्यानात काम केलेल्या एका तरुणाने हे सारे अशा प्रमाणावर करून दाखवले, की पुढच्या दोन पिढ्या इंग्लंडमधील माळी त्याचे नाव घेत राहिले. बेरिकशर परगण्यात १८०५ मध्ये जन्मलेला विल्यम बॅरन १८३० मध्ये डर्बीशरमधील एल्व्हॅस्टन कासल येथे चौथा अर्ल ऑफ हॅरिंग्टन याच्या सेवेत रुजू झाला. ही जागा इतकी सपाट होती की ब्राउनने पूर्वी तेथे काम करण्यास नकार दिला होता. १८३१ मध्ये अर्लने मारिया फूट या अभिनेत्रीशी विवाह केला, उच्चभ्रू समाजाने तो मान्य केला नाही, आणि हे जोडपे एल्व्हॅस्टनच्या आवारातच रमले. अर्लला बाग हवी होती ती आपल्या हयातीत पूर्ण झालेली, आणि बाहेरच्या नजरेपासून झाकलेली. दोन्ही गोष्टींना उत्तर एकच होते: वाढलेली सदाहरित झाडे आणि त्यांची दाट कुंपणे.

बॅरनचे मुख्य द्रव्य होते यू. हा सूचिपर्णी, अतिशय सावकाश वाढणारा आणि शतकानुशतके जगणारा वृक्ष असून हिमालयातील थुनेर त्याच वंशातील आहे. युरोपीय बागांत मात्र तो छाटून झुडपाच्या रूपात ठेवला जातो आणि त्याच्या भिंती, कमानी, मोर आणि मुकुट केले जातात. असा एक मोर कातरून तयार व्हायला कित्येक दशके लागत असल्याने बॅरनने तयार झालेली जुनी झाडेच आसपासच्या परगण्यांतून शोधून विकत घेतली आणि गाड्यांवरून मैलोन्मैल वाहून आणली. मात्र ती आणण्यापूर्वी त्याने एल्व्हॅस्टनच्या पाणथळ जमिनीत निचऱ्याचे काम पुरे केले, कारण पाणी साचणाऱ्या मातीत तुटलेली मुळे फुटण्याऐवजी कुजतात. झाडे खोल खड्ड्यात पुरण्याची प्रचलित पद्धतही त्याला मान्य नव्हती. मातीची हुंडी जमिनीच्या पातळीवर किंवा थोडी उंचच ठेवून भोवती मातीचा उतार करावा, असे त्याचे मत होते. बाग अर्लच्या हयातीत बाहेरच्यांना बंदच राहिली. १८५१ मध्ये त्याच्या निधनानंतर ती खुली झाली, तेव्हा वीस वर्षांपूर्वी ओसाड असलेल्या मैदानात शतकांची वाटणारी बाग पाहून लोक थक्क झाले. पुढच्याच वर्षी बॅरनने ‘द ब्रिटिश विंटर गार्डन’ हा सदाहरित झाडांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याच्या कौशल्याची शेवटची मोठी परीक्षा १८८० मध्ये डोव्हरजवळच्या बकलंड येथे झाली. तेथील चर्चच्या आवारात एक अतिप्राचीन यू होता. चर्च वाढवायचे ठरले तेव्हा तो आड येऊ लागला आणि तो तोडण्याऐवजी पंचाहत्तरीच्या बॅरनला पाचारण करण्यात आले. झाडाभोवती खोल चर खणून मातीचा एक प्रचंड चौकोनी ठोकळा मोकळा केला गेला, त्याच्या खालून फळ्या सरकवून तो जखडला गेला आणि रूळ व चरख्या यांच्या साहाय्याने पन्नास टनांहून अधिक वजनाचा तो भार सुमारे साठ फुटांवरच्या नव्या जागी ओढून नेण्यात आला. ठोकळ्याची खोली मात्र जेमतेम साडेतीन फूट होती. मुळांचा खरा संसार वरच्या थरात पसरलेला असतो, म्हणून भार खोलीऐवजी रुंदीकडे वाढवावा, हे ज्ञान त्या एका मापात आहे. तो यू आजही उभा आहे, आणि बॅरनच्या बनावटीचा झाडे नेण्याचा एक गाडा क्यू येथील उद्यानात जपून ठेवला आहे. लोकांचे लक्ष आजही गाड्याकडेच अधिक जाते.

जपानमध्ये मात्र हीच विद्या गाड्याऐवजी मुळांच्या नावाने ओळखली गेली. तेथे वाढलेले झाड हलवण्यापूर्वी जी तयारी करतात तिला ‘नेमावाशी’ म्हणतात. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘मावाशी’ म्हणजे भोवती फिरणे. झाड हलवायच्या सहा महिने ते दोन वर्षे आधी माळी खोडाच्या व्यासाच्या तीन ते पाच पट अंतरावर गोल चर खणतो आणि चरात आडवी येणारी बारीक मुळे धारदार हत्याराने कापतो. आधार देणारी तीन-चार जाड मुळे तो कापत नाही. त्यांच्यावरील साल फक्त काही बोटे रुंदीच्या कड्यासारखी सोलून काढतो. पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली उतरते आणि पाणी आतल्या लाकडातून वर चढते, या भेदावर ही युक्ती उभी आहे: साल सोललेल्या मुळातून पाणी वर जातच राहते, पण खाली येणारी साखर त्या जखमेपाशी अडते आणि तेथेच नव्या तंतुमुळांचा झुबका फुटतो. चर पुन्हा मातीने भरला जातो आणि झाड जुन्या जागीच उभे राहून नव्या प्रवासाची मुळे तयार करते. मुदत भरली की हुंडी गवताच्या चटया आणि काथ्यासारख्या दोरांनी घट्ट आवळून झाड उचलले जाते. रुंदपर्णी सदाहरित झाडांसाठी जपानी माळी जून-जुलैमधील संततधारेचा काळ सोयीचा मानतात, म्हणजे वराहमिहिर आणि मॅकनॅब यांच्याशी त्यांचे आपोआप एकमत होते. हा शब्द पुढे जपानी कचेऱ्यांतही रूढ झाला. सभेत प्रस्ताव मांडण्यापूर्वी संबंधितांना एकेक करून भेटून त्यांची संमती मिळवणे यालाही तेथे नेमावाशीच म्हणतात.

विसाव्या शतकात यांत्रिक फावड्यांनी मातीसकट झाड काही मिनिटांत उपसणे शक्य झाले, हुंडी गोणपाटात बांधून विकण्याचा व्यापार वाढला आणि पानांवर फवारून बाष्पोच्छ्वास कमी करणारी द्रावणेही आली. तरीही हुंडीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या दहा-बारा पट असावा, आणि समशीतोष्ण प्रदेशात खोडाच्या व्यासाच्या दर इंचामागे झाडाला सावरायला साधारण एक वर्ष लागते, असे जे ठोकताळे आज वापरले जातात, त्यांत यंत्राचा वेग कोठेच येत नाही.

महाराष्ट्रात या विद्येला लिखित परंपरेपेक्षा ऋतूचा आधार अधिक राहिला. तगर, कामिनी, जास्वंद यांसारखी वाढलेली झुडपे हलवायची तर मृगाचा पाऊस पडून जमीन भिजेपर्यंत थांबायचे, संध्याकाळी किंवा आभाळ भरलेल्या दिवशी काम करायचे, हुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि नव्या जागी आळे करून भरपूर पाणी द्यायचे, ही माळ्यांची रीत एडिंबरोच्या पुस्तिकेची आठवण करून देणारी आहे, जरी या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. शहरांत हा विषय १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमामुळे कायद्याच्या कक्षेत आला. रस्ते आणि इमारतींसाठी आड येणाऱ्या झाडांचे पुनर्रोपण हे वृक्ष प्राधिकरणाच्या कर्तव्यांत गणले गेले, आणि ‘पुनर्रोपण’ हा शब्द झाडांवर चिकटवलेल्या सूचनांमधून सर्वपरिचित झाला. बांधकामाचे वेळापत्रक परवानगीच्या तारखेपासून मोजले जाते, तर झाडाचे वेळापत्रक त्याच्या भोवती पहिला चर पडल्यापासून. क्रेन भाड्याने मिळते. चर आणि क्रेन यांच्यामधले वर्ष आराखडा काढतानाच राखून ठेवावे लागते.